सक्तीच्या इंटरनेट सेन्सॉरशिपला विरोध: नियमांच्या मसुद्यावर हरकत कशी घ्यायची

प्रश्न असा आला आहे: "मुलांची सुरक्षितता आणि खोट्या बातम्या ही कारणं पुढे करून सरकार सगळ्या इंटरनेट कंपन्यांना सक्तीनं मजकूर गाळायला लावणारे नियम आणणार असेल, तर सामान्य माणसानं नेमकं काय करायचं? मी ऑनलाइन याचिकेवर सही केली आहे. त्यानं काही होतं का?"

सहीनं थोडंफार होतं, पण तुम्हाला वाटतं तेवढं नाही. सही आकडा दाखवते. मसुद्यातलं कोणतं वाक्य का चुकीचं आहे आणि त्याच्या जागी काय हवं, हे ती सांगत नाही. हरकती तपासणारा अधिकारी नियमवार तक्ता करतो. "आम्हाला सेन्सॉरशिप नको" हे वाक्य त्या तक्त्यात कुठल्याच ओळीत बसत नाही. २०१५ साली 'ट्राय'कडे, म्हणजे दूरसंचार नियामकाकडे, नेट न्यूट्रॅलिटीवर (सगळ्या साइटना सारखी वागणूक देण्यावर) दहा लाखांहून जास्त ईमेल गेल्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वेगवेगळ्या साइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावण्यावर बंदी आली, हे उदाहरण सगळे देतात. पण त्या ईमेलमध्ये 'ट्राय'नं विचारलेल्या वीस प्रश्नांची क्रमवार उत्तरं होती, हे सहसा कुणी सांगत नाही. संख्या आणि मुद्दे दोन्ही होते म्हणून ते दुर्लक्षित करता आलं नाही.

म्हणून खरा प्रश्न असा मांडू: एका माणसाचा विरोध फाइलीवर कसा चढवायचा, आणि नियम तरीही आले तर न्यायालयात उपयोगी पडेल असा कसा करायचा?

आधी हे ठरवा की समोर आहे काय

पुढची बरीचशी वाट यावर ठरते. विधेयक असेल तर ते संसदेत जाईल, स्थायी समितीकडे जाऊ शकेल आणि समिती जनतेकडून सूचना मागवेल. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या खालचे नियम असतील तर ते मंत्रालय स्वतःच अधिसूचित करतं. संसदेसमोर ते नंतर फक्त 'ठेवले' जातात, म्हणून मसुद्याच्या काळातला विरोध इथे सगळ्यांत मोलाचा. तिसरा प्रकार म्हणजे दूरसंचार विभागानं लायसन्सधारक कंपन्यांना पाठवलेला थेट आदेश. त्यावर हरकती मागवल्या जात नाहीत, तिथे माहिती अधिकार आणि न्यायालय हेच मार्ग उरतात. काही ब्लॉकिंग न्यायालयाच्या आदेशानं होतं, विशेषतः कॉपीराइटच्या दाव्यांत, आणि तो विषयच वेगळा आहे. संपूर्ण इंटरनेट बंद करणं हाही वेगळ्या कायद्याचा भाग आहे. तो यात मिसळू नका, हरकत सैल होते.

तुमच्या प्रश्नाच्या रोखावरून मी दुसरा प्रकार, म्हणजे नियमांचा मसुदा, धरून चालतो.

मूळ कायदा उघडा, मसुदा नंतर

बहुतेक जण मसुदा वाचून लगेच लिहायला बसतात. मी उलटं सांगेन. नियम हे कायद्याचं अपत्य असतात आणि कायद्यानं जेवढा अधिकार दिला त्यापलीकडे ते जाऊ शकत नाहीत. हा मुद्दा रुक्ष वाटतो, पण तो सर्वांत बळकट असतो, कारण त्यात मतभेदाला जागा कमी असते.

वेबसाइट ब्लॉक करण्याचा सरकारचा अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ मध्ये आहे. तिथली कारणं ठरलेली आहेत: भारताचं सार्वभौमत्व आणि एकात्मता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी रोखणं. या यादीत अश्लीलता नाही, सभ्यता किंवा नीतिमत्ता नाही, बदनामी नाही, 'खोटी बातमी' नाही. संविधानाच्या अनुच्छेद १९(२) मध्ये, म्हणजे मतस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधन घालता येतं त्या यादीत, सभ्यता, नीतिमत्ता आणि बदनामी आहेत, पण ६९अ मध्ये त्या घेतलेल्या नाहीत. म्हणजे ६९अ चा आधार घेऊन कुणी 'अनुचित मजकुरा'साठी सक्तीचा फिल्टर मागत असेल, तर तो मूळ कायद्याबाहेर जातो. 'खोटी बातमी' तर १९(२) मध्येही नाही. मजकूर फक्त खोटा आहे एवढ्या कारणावर निर्बंध घालायला संविधानातच आधार सापडत नाही.

मसुदा बहुधा कलम ७९ च्या आडून येतो. या कलमानं मध्यस्थ कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्यांचा मजकूर वाहून नेणाऱ्यांना, संरक्षण दिलं आहे आणि त्याबदल्यात 'योग्य दक्षता' घेण्याची अट घातली आहे. दक्षतेच्या नावाखाली नियमांत हवं ते घुसवण्याचा मोह इथेच होतो. सर्वोच्च न्यायालयानं श्रेया सिंघल खटल्यात (२४ मार्च २०१५) कलम ६६अ (ऑनलाइन 'आक्षेपार्ह' लिहिणं गुन्हा ठरवणारं) रद्द केलं, ६९अ कायम ठेवलं, आणि ७९(३)(ब) चा अर्थ आकुंचित केला. मजकूर काढण्याचं बंधन न्यायालयाच्या आदेशानं किंवा सरकारच्या अधिसूचनेनं मिळालेल्या माहितीवरच येतं, आणि तेही १९(२) च्या चौकटीतच. कंपनीनं स्वतः न्यायाधीश बनून काय बेकायदेशीर ते ठरवावं, ही अपेक्षा त्या निकालाशी जुळत नाही.

६९अ का टिकलं, हेही लक्षात ठेवा. त्यात सुरक्षेच्या तरतुदी आहेत म्हणून. कारणं लेखी नोंदवावी लागतात. २००९ च्या ब्लॉकिंग नियमांनुसार सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्यांची समिती प्रकरण पाहते, मजकूर टाकणाऱ्याला किंवा मध्यस्थाला किमान ४८ तासांची नोटीस मिळते, तातडीचा आदेश ४८ तासांत समितीपुढे आणावा लागतो, आणि पुनर्विलोकन समिती दोन महिन्यांतून एकदा तरी बसते. हे सगळं प्रत्यक्षात किती पाळलं जातं हा वेगळा आणि गंभीर प्रश्न आहे, कारण नियम १६ मुळे तक्रारी आणि आदेश गोपनीय राहतात. पण हरकतीत प्रश्न सरळ विचारा: नव्या मसुद्यातल्या स्वयंचलित गाळणीत नोटीस कोण देणार, कारण कोण नोंदवणार, पुनर्विलोकन कोण करणार? ज्या सुरक्षातरतुदींमुळे जुना अधिकार वैध ठरला त्याच नव्या योजनेत नसतील, तर ती कशाच्या आधारावर टिकेल?

हा वाद आज मिटलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ७९(३)(ब) खाली 'सहयोग' या सरकारी पोर्टलवरून मजकूर काढण्याच्या सूचना पाठवण्याला 'एक्स' कंपनीनं दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये फेटाळलं. त्यामुळे श्रेया सिंघलचं नाव लिहिलं की काम झालं असं समजू नका. निकालातला मुद्दा तुमच्या नियमाला कसा लागू पडतो, ते दोन वाक्यांत लिहा.

तांत्रिक मुद्दा असा मांडा की तंत्रज्ञ नसलेल्यालाही पटेल

'फिल्टर चालत नाही, व्हीपीएनने (जोडणी दुसरीकडून वळवणाऱ्या साधनानं) टाळता येतो' हा युक्तिवाद पहिला सुचतो आणि तोच सर्वांत घातक आहे. त्याचं सरकारी उत्तर तयार असतं: मग व्हीपीएनवरही बंदी घालू. जोर द्या तो फिल्टर निरपराध मजकुराला कसा लागतो यावर.

इंटरनेट जोडणी देणाऱ्या कंपनीकडे अडवण्याच्या मोजक्या जागा असतात. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा, तिथे खोटं उत्तर देता येतं. आयपी पत्ता अडवता येतो, पण एका पत्त्यावर हजारो साइट राहतात. किंवा जोडणी सुरू होताना साइटचं नाव उघड दिसतं ते वाचून तोडता येतं. एचटीटीपीएस, म्हणजे कूटबद्ध जोडणी, असलेल्या साइटवर यापलीकडे कंपनीला दिसत नाही. कोणतं पान, कोणता लेख, कोणता व्हिडिओ उघडला हे कूटबद्ध असतं. म्हणून एका पानाविरुद्धचा आदेश कंपनीच्या पातळीवर संपूर्ण साइटविरुद्धचा आदेश होतो. डिसेंबर २०१४ मध्ये अतिरेकी मजकुराचं कारण देऊन ३२ साइट अडवल्या गेल्या. त्यांत गिटहब, व्हिमिओ आणि इंटरनेट अर्काइव्ह होते. गिटहब म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांची रोजची कामाची जागा.

पानाच्या पातळीवर अडवायचंच असेल तर कूटबद्धता फोडावी लागेल, म्हणजे प्रत्येकाच्या उपकरणावर सरकारी प्रमाणपत्र बसवावं लागेल. कझाकस्तानानं हे करून पाहिलं आणि ऑगस्ट २०१९ मध्ये मोठ्या ब्राउझर कंपन्यांनी ते प्रमाणपत्रच नाकारलं. कारण मग बँकेचा पासवर्डही त्याच खिडकीतून दिसतो. मसुद्यात 'तांत्रिक उपाययोजना' असे मोघम शब्द असतील तर त्यात हे येतं की नाही, ते स्पष्ट करायला लावा.

जगातली नोंदलेली उदाहरणं दोन-तीनच द्या, पण अचूक द्या. पेनसिल्व्हेनिया राज्यात बाललैंगिक मजकुराच्या चारशेहून कमी साइट अडवताना दहा लाखांहून जास्त निर्दोष साइट अडल्या, आणि २००४ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयानं तो कायदा रद्द केला. ऑस्ट्रेलियात सक्तीच्या फिल्टरची योजना चालू असताना, मार्च २००९ मध्ये तिथल्या नियामकाची म्हणून बाहेर आलेल्या गुप्त यादीत एका दंतवैद्याची साइट निघाली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सरकारनं ती योजना सोडली. २००८ साली पाकिस्ताननं देशापुरतं यूट्यूब अडवताना चुकीचा मार्ग बाहेर जाहीर झाला आणि सुमारे दोन तास जगभर यूट्यूब बंद पडलं. माझी पसंती पेनसिल्व्हेनियाला, कारण हेतू निर्विवाद चांगला असतानाही काय झालं ते त्यातून दिसतं.

मसुद्यात 'स्वयंचलित साधनांनी ओळखणे' असेल तर हे गणित हरकतीत जसंच्या तसं घाला. समजा एका व्यासपीठावर रोज १ कोटी पोस्ट येतात आणि दहा हजारांत एक खरोखर बेकायदेशीर आहे, म्हणजे एकूण १,०००. फिल्टर दोन्ही बाजूंनी ९९ टक्के अचूक आहे असं धरू, हे फारच उदार गृहीतक आहे. तो १,००० पैकी ९९० पकडेल. पण उरलेल्या ९९,९९,००० निर्दोष पोस्टपैकी १ टक्का, म्हणजे ९९,९९० सुद्धा पकडेल. अडवलेल्या दर शंभरांत जेमतेम एक खरी दोषी. फिल्टर वाईट आहे म्हणून असं होत नाही. शोधायची गोष्ट विरळ असली की असंच होतं. हे आकडे मानलेले आहेत, असं स्पष्ट लिहा. समोरचा दुसरे आकडे घालून पाहील, आणि शोधायची गोष्ट विरळ आहे तोवर त्यालाही तोच कल दिसेल.

मराठीचा मुद्दा अवश्य जोडा. शब्दांवर चालणारा फिल्टर 'स्तन' अडवतो आणि स्तनपानाची, स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीची माहितीही त्यात जाते. जातिवाचक शिवी देणारा आणि ती शिवी मिळाली म्हणून तक्रार लिहिणारा, दोघांच्या पोस्टमध्ये शब्द एकच असतो. ज्या भाषांसाठी साधनं कमी पारखलेली आहेत तिथे चुकांचा भार जास्त पडतो. दिल्लीतल्या मोठ्या संस्था हे सहसा लिहीत नाहीत. तुम्ही लिहू शकता.

"म्हणजे तुम्हाला मुलांची काळजी नाही?"

हा प्रश्न येणारच, तेव्हा हरकतीच्या पहिल्याच परिच्छेदात उत्तर द्या आणि मनापासून द्या. मुलांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर हा कलम ६७ब खाली गुन्हा आहे. तो पाहणं, शोधणं, उतरवणंसुद्धा. त्यावर कुणी मतस्वातंत्र्याचा दावा करत नाही. मुद्दा असा की वाट अडवल्यानं मजकूर तिथेच राहतो, मूलही तिथेच राहतं. जर्मनीत २००९ साली हाच वाद झाला. १ लाख ३४ हजारांहून जास्त लोकांनी संसदेच्या अधिकृत याचिकेवर सह्या केल्या, आणि मागणी होती 'अडवू नका, काढून टाका'. कायदा मंजूर झाला, पण राबवला गेला नाही आणि २०११ मध्ये मागे घेतला गेला. पर्यायाशिवाय नुसता नकार दिला असता तर हे जमणं कठीण होतं.

तुम्हीही पर्याय द्या: मजकूर जिथे ठेवला आहे त्या सर्व्हरवरून काढणं, केंद्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आलेल्या तक्रारींचा जिल्हा पातळीवर वेळेत तपास, आणि पालकांना हवं तर स्वतःच्या फोनवर किंवा राउटरवर लावता येईल असा ऐच्छिक फिल्टर. सक्ती आणि सोय यांतला फरक इथे ठळक होतो.

प्रत्यक्ष हरकत

एका नियमाला एक परिच्छेद. त्यात चार गोष्टी: नियम क्रमांक आणि त्यातले शब्द, काय बिघडेल, का (कायदा किंवा तांत्रिक कारण), आणि बदली मजकूर. शेवटची गोष्ट बहुतेक जण गाळतात. नमुना:

"नियम क्र. __ : 'मध्यस्थाने बेकायदेशीर मजकूर स्वयंचलित साधनांनी ओळखून काढून टाकावा.' हरकत: मजकूर बेकायदेशीर आहे हे ठरवण्याचा अधिकार मध्यस्थाला देणे श्रेया सिंघल निकालाशी विसंगत आहे आणि कलम ७९ मधील दक्षतेच्या व्याप्तीबाहेर आहे. मजकूर टाकणाऱ्यास नोटीस व अपील यांची तरतूद नाही. सूचना: हा नियम वगळावा. पर्यायी: 'मध्यस्थाने न्यायालयाचा आदेश किंवा कलम ६९अ खालील लेखी, सकारण आदेश मिळाल्यावरच मजकुरास प्रतिबंध करावा, तसा प्रतिबंध विशिष्ट पत्त्यापुरता मर्यादित ठेवावा, आणि मजकूर टाकणाऱ्यास आदेशाची प्रत द्यावी.'"

आधी 'वगळावा', मग 'पर्यायी' हा क्रम सांभाळा. नुसता पर्याय दिलात तर तुम्ही नियमाला तत्त्वतः मान्यता दिली असं वाचलं जातं.

पर्यायी भागात मी हे नेहमी मागतो: ब्लॉक केलेल्या साइटची यादी ठरावीक काळानं प्रसिद्ध करणं, अडवलेल्या पानावर आदेशाचा क्रमांक आणि अपिलाचा पत्ता दिसणं, आदेशाला मुदत असणं, आणि चुकीनं अडवलेली साइट ठरावीक तासांत उघडणं. प्रसिद्धीसाठी अनुराधा भसीन निकालाचा (१० जानेवारी २०२०) दाखला देता येतो. तो इंटरनेट बंदीच्या आदेशांबद्दल आहे, पण हक्कांवर बंधन घालणारा आदेश लपवून ठेवता येत नाही हे तत्त्व त्यात आहे.

मुदतीचा नियम जुळवून पाहा. केंद्राच्या २०१४ च्या कायदापूर्व सल्लामसलत धोरणानुसार मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर हवा, आणि सोबत कारणं, खर्चाचा अंदाज आणि मूलभूत हक्कांवरच्या परिणामांची टिपणी हवी. आलेल्या सूचनांचा गोषवाराही संकेतस्थळावर हवा. धोरण न्यायालयातून सक्तीनं राबवून घेणं अवघड आहे, पण पंधराच दिवस दिले असतील तर पहिल्याच आठवड्यात मुदतवाढ मागा. मध्यस्थ नियमांच्या २४ डिसेंबर २०१८ च्या मसुद्याची मुदत अशीच १५ जानेवारीवरून ३१ जानेवारीपर्यंत वाढली होती.

मराठीत लिहिता येतं. अनुच्छेद ३५० नुसार केंद्राच्या अधिकाऱ्याकडेही देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं. तरी व्यवहार म्हणून वर एक पान इंग्रजी सारांश जोडा, नाहीतर तो कागद तसाच पडून राहण्याची भीती असते. मसुदा मराठीत नसेल तर तीही हरकत घ्या. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २०२० च्या मसुद्याबाबत दिल्ली उच्च न्यायालयानं संविधानाच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांत अनुवाद करायला सांगितलं होतं.

एक सावधगिरी. २०१५ मध्ये 'ट्राय'नं सगळ्या ईमेल पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसह संकेतस्थळावर टाकल्या. वेगळा ईमेल वापरा, फोन नंबर आणि घरचा पत्ता मागितला नसेल तर देऊ नका. उलट, २०२५ च्या जानेवारीत आलेल्या डेटा संरक्षण नियमांच्या मसुद्यावरच्या सूचना सरकारनं गोपनीय ठेवल्या. म्हणून तुमची प्रत, पाठवल्याची तारीख आणि पोच स्वतःकडे ठेवा. सरकारी नोकरीत असाल तर आधी सेवा-वर्तणूक नियम पाहा.

यानं खरंच बदल होतो का

होतो, पण अर्धा. त्या २०१८ च्या मसुद्यात स्वयंचलित साधनं सगळ्या मध्यस्थांवर आणि सगळ्या 'बेकायदेशीर' मजकुरासाठी बंधनकारक होती. हरकती आल्या. २०२१ च्या अंतिम नियमांत, नियम ४(४) मध्ये, ती फक्त ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांपुरती राहिली, प्रामुख्यानं बलात्कार आणि बाललैंगिक शोषणाच्या मजकुरापुरती, 'वापरण्याचा प्रयत्न करावा' अशा सौम्य भाषेत, आणि मानवी देखरेख व नियमित तपासणीच्या अटींसह. हे कमी नाही.

पण त्याच २०२१ च्या नियमांत डिजिटल बातम्यांवर आचारसंहिता लादणारा संपूर्ण तिसरा भाग आला, जो २०१८ च्या मसुद्यात नव्हताच. त्यावर कुणाला हरकत घेण्याची संधीच मिळाली नाही. पत्रकार निखिल वागळे आणि 'द लीफलेट' मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि १४ ऑगस्ट २०२१ ला नियम ९(१) आणि ९(३) ला स्थगिती मिळाली. तेव्हा हरकतीच्या शेवटी ही ओळ जरूर घाला: "अंतिम नियमांत मसुद्याबाहेरची तरतूद घ्यायची असल्यास नव्याने सल्लामसलत करावी."

माहिती अधिकार आणि पुरावा

मसुदा आला त्याच दिवशी माहिती अधिकाराचा ऑनलाइन अर्ज करा. शुल्क १० रुपये, मजकूर ५०० शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. ही मुदत हरकतींच्या मुदतीइतकीच असते, म्हणून उशीर परवडत नाही. 'सगळी फाइल द्या' असं मागू नका. मागा: कंपन्यांवर पडणाऱ्या खर्चाचा अंदाज, फिल्टरच्या चाचणीचा अहवाल असल्यास त्याची प्रत, विधी विभागाचा अभिप्राय, आणि गेल्या तीन वर्षांत ६९अ खाली अडवलेल्या पत्त्यांची वर्षवार संख्या. नावं मागितलीत तर गोपनीयतेचं कारण येतं, संख्या मिळण्याची शक्यता जास्त. अर्जात कलम ४(१)(क), म्हणजे इंग्रजीतलं 4(1)(c), लिहा: महत्त्वाचं धोरण आखताना संबंधित तथ्यं स्वतःहून प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. नकार आला तर कलम १० खाली देता येईल तो भाग वेगळा करून मागा आणि ३० दिवसांत पहिलं अपील करा. चाचणीचा अहवाल 'उपलब्ध नाही' असं उत्तर आलं तर ते हरकतीला जोडा.

ब्लॉकिंगचा पुरावा गोळा करायचा तर 'ओनी प्रोब' (OONI Probe) हे मोफत अॅप चालतं. कंपनीचं नाव, मोबाइल की ब्रॉडबँड, तारीख, वेळ आणि पडद्यावरचा संदेश लिहून ठेवा, आणि तीच साइट दुसऱ्या कंपनीच्या जोडणीवर पाहा. 'सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी'च्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की एकाच देशात वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या पद्धतीनं अडवतात. म्हणजे आदेश आणि अंमल यांचा मेळ आजही नाही. अॅपची मोजणी सार्वजनिक होते आणि ते अडवलेल्या साइटशी तुमच्या जोडणीवरून संपर्क साधतं, हे जाणून मगच वापरा. बाललैंगिक मजकुराचा संशय असलेला कोणताही पत्ता 'तपासून पाहण्यासाठी' सुद्धा उघडू नका. तो गुन्हा आहे, हेतू काहीही असो.

सक्ती मागे घेतली तरी परिणाम कसा रेंगाळतो त्याचंही उदाहरण हाताशी ठेवा. ३१ जुलै २०१५ च्या आदेशानं ८५७ साइट अडवल्या, त्यांत एक विनोदी मजकुराची साइटही होती. चार-पाच दिवसांत सरकारनं सांगितलं की बाललैंगिक मजकूर नसेल तर कंपन्या साइट उघडू शकतात. कंपन्यांनी उत्तर दिलं की आत काय आहे ते तपासण्याची आमच्याकडे सोय नाही. जबाबदारी कंपनीवर टाकली की ती नेहमी बंद ठेवण्याची बाजू घेते, कारण उघडण्यात तिचा फायदा नाही आणि धोका सगळा तिचा.

नियम अधिसूचित झालेच तर

अंतिम मजकूर मसुद्याशेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून पाहा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८७(३) नुसार नियम संसदेच्या दोन्ही सभागृहांसमोर अधिवेशनाचे एकूण ३० दिवस ठेवले जातात आणि या काळात बदलाचा किंवा रद्द करण्याचा प्रस्ताव मांडता येतो. मे २०१२ मध्ये खासदार पी. राजीव यांनी राज्यसभेत २०११ च्या मध्यस्थ नियमांविरुद्ध असा प्रस्ताव मांडला. तो पडला, पण चर्चेत सरकारला पुन्हा सल्लामसलतीचं आश्वासन द्यावं लागलं. तुमच्या खासदाराला एका पानाची टिपणी द्या, नियम क्रमांकासह. दुय्यम विधिविधान समितीलाही (सरकारनं केलेले नियम तपासणाऱ्या संसदीय समितीला) पाठवा, ती दोन्ही सभागृहांत असते.

न्यायालयाची वाट अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात. मसुद्यावर याचिका सहसा अकाली ठरते, अधिसूचनेनंतर जा. सरकारच्या 'फॅक्ट चेक युनिट'ची, म्हणजे सरकारबद्दलचा कोणता मजकूर खोटा ते ठरवणाऱ्या सरकारी कक्षाची, एप्रिल २०२३ मधली दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयातच पडली: ३१ जानेवारी २०२४ ला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला, २० सप्टेंबर २०२४ ला तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदुरकर यांनी ती घटनाबाह्य ठरवली. 'खोटे', 'दिशाभूल करणारे' हे शब्द मोघम असल्याचा मुद्दा तिथे टिकला. दीड वर्ष लागलं, आणि मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळवावी लागली.

याचिका एकट्यानं करणं खर्चाचं आणि वेळखाऊ आहे, बहुतेकांना ते जमणार नाही आणि जमायलाच हवं असंही नाही. ज्यांच्या कामावर थेट परिणाम होतो ते, म्हणजे पत्रकार, कलाकार, प्रकाशक, लहान इंटरनेट कंपन्या, पुढे येतात. त्यांच्या वकिलांना तुमची हरकत, तिची पोच, माहिती अधिकाराची उत्तरं आणि ब्लॉकिंगच्या नोंदी पोहोचवा. प्रतिज्ञापत्राला ही कागदपत्रं जोडता येतात, आणि 'या परिणामाची आम्हाला कल्पना नव्हती' असं सरकारी वकिलाला मग म्हणता येत नाही.